वाळीत टाकलेल्यांची सोबत : मानवेंद्रनाथ रॉय आणि त्यांचे सोबती

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत एका निरीश्वरवादी आणि तेही बंगाली माणसाचे चरित्र कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. लोकमान्यांनी या उत्सवाला सार्वजनिक रूप दिले तेव्हापासून मांडवात आरती-कीर्तनाबरोबर व्याख्यानेही होत आली आहेत आणि त्या व्याख्यानांत न पटणाऱ्या विचारांनाही जागा मिळत आली आहे. तेव्हा हा लेख प्रथेला धरूनच आहे, असे आम्ही समजतो.

दुसरे कारण आपल्या घरांतले आहे. आपल्यापैकी अनेकांच्या कपाटांत मराठी विश्वकोशाचे खंड आहेत. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. महाराष्ट्राबाहेर राहूनही ज्यांनी मराठी वृत्तपत्रे सोडली नाहीत, त्यांना 'लोकसत्ता'चे ह. रा. महाजनी आणि 'महाराष्ट्र टाइम्स'चे पहिले संपादक द्वा. भ. कर्णिक ही नावे ठाऊक आहेत. आणीबाणीच्या काळात नागरिकांच्या हक्कांसाठी उभे राहिलेले निवृत्त न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे यांचे नावही घरोघर पोचले होते. ही सारी माणसे मूळची मानवेंद्रनाथ रॉय यांच्या गोटातली. त्यांना 'रॉयवादी' म्हणत आणि ते नेहमीच कौतुकाने म्हटले जात नसे. पक्ष हरला, विसर्जित झाला, नेता गेला, तरी ही मंडळी एकमेकांना धरून राहिली. ती का आणि कशी, हे रॉय यांच्या चरित्रातून पाहण्याचा आमचा प्रयत्न आहे.

जतीनदांचा नरेन

रॉय यांचे मूळ नाव नरेंद्रनाथ भट्टाचार्य. जन्म १८८७ चा, बंगालच्या चोवीस परगणा जिल्ह्यातला. वडील दीनबंधू भट्टाचार्य संस्कृत शिकवीत. वंगभंगाच्या चळवळीने पेटलेल्या त्या काळात नरेन शाळकरी वयातच क्रांतिकारकांच्या गुप्त मंडळात शिरला आणि जतींद्रनाथ मुखर्जी ऊर्फ बाघा जतीन यांचा उजवा हात बनला. त्या मंडळाला ना घटना होती, ना सभासदांची यादी. नेत्याचा शब्द आणि एकमेकांवरचा विश्वास, एवढ्यावर सारे चाले. पोलिसांच्या मारापुढे तोंड उघडायचे नाही, ही पहिली शपथ.

पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर जर्मनीकडून शस्त्रे मिळवण्यासाठी जतीनदांनी नरेनला १९१५ मध्ये बटाव्हियाला, म्हणजे आजच्या जाकार्ताला पाठवले. शस्त्रे आली नाहीत. सप्टेंबर १९१५ मध्ये ओरिसात बालासोरजवळ पोलिसांशी झालेल्या लढतीत जतीनदा कोसळले. नरेन तेव्हा परदेशात होता. जावा, चीन, जपान अशी भटकंती करत तो १९१६ मध्ये अमेरिकेत उतरला. पोलिसांना चुकवण्यासाठी तेथे त्याने नाव बदलले आणि मानवेंद्रनाथ रॉय हेच नाव पुढे जन्मभर राहिले. पुढील आयुष्यात त्यांनी आपले जवळजवळ सर्व जुने विचार टाकून दिले. जतीनदांविषयीचा आदर मात्र शेवटपर्यंत टिकला. ज्या मार्गाने ते गेले तो चुकीचा होता असे मत झाल्यावरही त्या माणसाला त्यांनी कधी लहान केले नाही.

अमेरिकेत त्यांना एव्हलिन ट्रेंट भेटल्या आणि दोघांनी लग्न केले. अमेरिका युद्धात उतरताच हिंदी क्रांतिकारकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा १९१७ मध्ये हे जोडपे मेक्सिकोला निसटले. तेथे समाजवादी पक्षात काम करता करता १९१९ मध्ये त्या देशाचा कम्युनिस्ट पक्ष उभा राहिला आणि त्याच्या स्थापनेत रॉय अग्रभागी होते. रशियाचे दूत मायकेल बोरोदिन यांच्याशी मैत्री झाली आणि त्या ओळखीने रॉय १९२० मध्ये मॉस्कोला पोचले. कम्युनिस्ट इंटरनॅशनलच्या दुसऱ्या अधिवेशनात वसाहतींच्या प्रश्नावर त्यांनी प्रत्यक्ष लेनिनशी मतभेद मांडला आणि लेनिनच्या मसुद्याबरोबर त्यांचा पुरवणी मसुदाही स्वीकारला गेला. मतभेद मांडला म्हणून कोणी त्यांना शत्रू ठरवले नाही, ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आठ-नऊ वर्षांनी चित्र अगदी उलटे झाले.

ऑक्टोबर १९२० मध्ये ताश्कंदला हिंदी कम्युनिस्ट पक्षाची पहिली शाखा निघाली. तिथून आणि पुढे बर्लिनहून रॉय हिंदुस्थानात पत्रके, वृत्तपत्रे आणि पत्रे पाठवू लागले. मुंबईत तरुण श्रीपाद अमृत डांगे यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार होता. ब्रिटिश सरकार ही पत्रे वाटेत फोडून वाचत असे. त्यांतूनच १९२४ चा कानपूर कटाचा खटला उभा राहिला आणि डांगे, मुझफ्फर अहमद, शौकत उस्मानी, नलिनी गुप्ता यांना प्रत्येकी चार वर्षांची शिक्षा झाली. आरोपींच्या यादीत रॉय यांचेही नाव होते, पण ते सरकारच्या हाती लागण्यासारखे नव्हते. हे वॉरंट सात वर्षे तसेच पडून राहिले.

पंक्तीतून उठवले

१९२७ मध्ये इंटरनॅशनलने रॉय यांना चीनला धाडले. तेथील क्रांती त्या वर्षी चिरडली गेली आणि अपयशाचे खापर फोडण्यासाठी मॉस्कोला डोकी हवीच होती. रॉय परतले तेव्हा हवा बदललेली होती. स्टालिन आणि बुखारिन यांच्यात फाटत होते. त्यातच कानाच्या दुखण्याने रॉय अंथरुणाला खिळले. बुखारिन आणि काही जिवलग मित्रांच्या मदतीने १९२८ मध्ये ते उपचारासाठी बर्लिनला निघून जाऊ शकले. मॉस्को त्यांना पुन्हा दिसले नाही.

त्याच उन्हाळ्यात इंटरनॅशनलच्या सहाव्या अधिवेशनाने नवे धोरण घेतले. कम्युनिस्टांचा खरा शत्रू म्हणजे मवाळ समाजवादी, त्यांच्याशी कोणतीही युती नाही. कामगार संघटनांतूनही वेगळे व्हायचे. हिंदुस्थानात काँग्रेसपासून फटकून राहायचे. जर्मनीतील जुने नेते हाइनरिश ब्रांडलर आणि ऑगस्ट थालहाइमर यांना हे आत्मघाताचे वाटले. हिटलर दाराशी उभा असताना कामगारांनी आपसात लढणे म्हणजे घराला आग लागली असता विहिरीच्या मालकीवरून भांडणे, असे त्यांचे थोडक्यात म्हणणे. त्यांना पक्षातून काढले. डिसेंबर १९२८ च्या अखेरीस त्यांनी बर्लिनमध्ये आपला गट स्थापन केला आणि त्याला 'कम्युनिस्ट पक्ष (विरोधी)' असे नाव दिले.

या नावातच त्या माणसांचा स्वभाव दिसतो. आपण नवा पक्ष काढतो आहोत असे ते मानत नसत. आपण मूळ घरचेच, फक्त घराने चुकीची वाट धरली आहे आणि ती सुधारली की आपण परत जाऊ, ही त्यांची धारणा होती. सभासद काही हजार, पैसा जवळजवळ नाही, आणि एक छोटे नियतकालिक, ज्याच्या नावाचा अर्थ 'प्रवाहाविरुद्ध'. मूळ पक्षाच्या सभांत त्यांना फितूर म्हटले जाई. काल ज्यांच्याबरोबर तुरुंगात बसलो ते आज रस्त्यात ओळख देत नाहीत, हा अनुभव त्यातील प्रत्येकाचा होता. आपल्याकडे गावाने वाळीत टाकलेल्या कुटुंबाची जी अवस्था होई, तीच ही.

रॉय त्यांच्यासाठी लिहू लागले. हे करू नये हे कळण्याइतके ते मुरलेले होते. गप्प बसून काही महिने काढले असते तर कदाचित क्षमाही झाली असती. १९२९ च्या अखेरीस इंटरनॅशनलने त्यांची हकालपट्टी जाहीर केली आणि दोष काय, तर ब्रांडलरच्या वृत्तपत्रात लिहिणे आणि त्याच्या संघटनेला पाठिंबा देणे. दहा वर्षांपूर्वी लेनिनशी वाद घालून सन्मान मिळवणारा माणूस आता बहिष्कृत मित्रांच्या पंक्तीला बसला म्हणून स्वतः पंक्तीतून उठवला गेला.

येथे एका गोष्टीची नोंद केली पाहिजे. जे त्या मोठ्या घरात राहिले, त्यांचे काय झाले? बुखारिनना १९३८ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. ताश्कंदच्या स्थापनेतील सहकारी अवनी मुखर्जी आणि रॉय यांचे जुने प्रतिस्पर्धी वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय हे दोघेही १९३७ मध्ये रशियातच मारले गेले. बोरोदिन १९५१ मध्ये छळछावणीत वारले. हकालपट्टीमुळे रॉय वाचले, असे म्हणणे म्हणूनच अतिशयोक्तीचे नाही.

पाच वर्षांचा टपाल

बर्लिनच्या त्या वर्तुळात रॉय यांना एलन गॉट्शाल्क भेटल्या. एव्हलिन १९२५ च्या सुमारास वेगळ्या होऊन पुढे अमेरिकेला परत गेल्या होत्या. एलन, ब्रांडलर, थालहाइमर आणि काही हिंदी विद्यार्थी हेच आता रॉय यांचे घर होते. त्या विद्यार्थ्यांतले तय्यब शेख, सुंदर कबाडी यांसारखे तरुण आधी मुंबईला आले आणि त्यांनी जमीन तयार केली. डिसेंबर १९३० मध्ये रॉय स्वतः मुंबईत उतरले. डोक्यावर कानपूरचे जुने वॉरंट होते, खिशात खोटी कागदपत्रे आणि नाव डॉक्टर महमूद.

सात महिने ते लपून राहिले. मुंबईच्या कामगार भागात व्ही. बी. कर्णिक, मणिबेन कारा अशी माणसे त्यांच्याभोवती जमू लागली. मार्च १९३१ मध्ये कराचीच्या काँग्रेस अधिवेशनाला ते वेष पालटून हजर होते आणि तेथे जवाहरलाल नेहरूंशी त्यांची भेट झाली. अखेर २१ जुलै १९३१ रोजी मुंबईत पोलिसांनी त्यांना पकडले.

खटला कानपूरच्या तुरुंगातच चालला. आपल्या बचावाचे लांबलचक निवेदन रॉय यांनी तयार केले, पण ते न्यायालयात वाचू दिले गेले नाही. हे कागद मित्रांनी तुरुंगाबाहेर काढले आणि जानेवारी १९३२ मध्ये त्याची पुस्तिका न्यूयॉर्कमध्ये छापून निघाली. ती छापण्यासाठी तेथे रॉय बचाव समिती उभी राहिली होती. त्याच महिन्यात, ९ जानेवारीला, कानपूरच्या न्यायाधीशांनी बारा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने १९३३ मध्ये ती सहा वर्षांवर आणली.

अधिकृत कम्युनिस्टांच्या दृष्टीने कैदेत पडलेला हा माणूस पक्षद्रोही होता. त्याच्यासाठी मिरवणूक निघणार नव्हती. त्याच्यासाठी धडपडले ते वाळीत पडलेलेच. आणि तेही कोणत्या परिस्थितीत? जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. ब्रांडलर आणि थालहाइमर फ्रान्समध्ये पळाले. गटाचे जे सभासद जर्मनीत राहिले त्यांनी भूमिगत काम केले आणि त्यांतले अनेक नाझींच्या तुरुंगांत व छावण्यांत गेले. त्याआधीच, १९३२ मध्ये, या लहानशा गटातही फूट पडून काही मंडळी दुसऱ्या समाजवादी पक्षात गेली होती. एलन पॅरिसला आल्या. ज्यांचे स्वतःचे बिऱ्हाड विंचवाच्या पाठीवर होते, ती माणसे हिंदुस्थानातील एका कैद्याला पुस्तके आणि पत्रे पाठवत राहिली.

कैद्याला पत्रे मोजकी मिळत आणि ती अधिकाऱ्याच्या नजरेखालून जात. राजकारणाचा शब्दही लिहिता येत नसे. मग रॉय आणि एलन यांनी उरलेल्या विषयांवर लिहिले : पुस्तके, विज्ञान, तब्येत, तुरुंगातली मांजरे, पुन्हा भेट होईल का हा प्रश्न. नव्या पदार्थविज्ञानाने जगाविषयीच्या कल्पना कशा उलटल्या हे समजून घेण्याचा ध्यास रॉय यांना लागला होता. बाहेरून आलेल्या पुस्तकांच्या आधारावर त्यांनी वह्यांमागून वह्या भरल्या आणि सुटकेपर्यंत नऊ जाडजूड खंड तयार झाले. पुढे त्यांतूनच त्यांची काही पुस्तके निघाली. एलन यांना लिहिलेली पत्रे १९४३ मध्ये पुस्तकरूपाने आली.

त्या काळात मुंबईतील मंडळींचे काम वेगळे होते. कामगार चळवळीची शकले उडाली होती. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस फुटली आणि अधिकृत कम्युनिस्टांनी आपली लाल संघटना वेगळी काढली. कर्णिक आणि त्यांचे सहकारी जुन्या संघटनेतच राहिले आणि पुन्हा एक होण्याची गोष्ट सतत बोलत राहिले. ज्यांनी आपल्याला शिव्या दिल्या त्यांनाच परत बोलवायचे, हे काम नावडते असते. १९३५ मध्ये लाल संघटना परत आली. इंटरनॅशनलचे धोरणही त्याच वर्षी बदलले आणि संयुक्त आघाडीची भाषा मॉस्कोतून ऐकू येऊ लागली. सहा वर्षांपूर्वी हीच गोष्ट सांगणाऱ्यांना काढून टाकले होते. त्यांना परत बोलावणे मात्र आले नाही.

फैजपूर ते बेचाळीस

२० नोव्हेंबर १९३६ रोजी डेहराडूनच्या तुरुंगातून रॉय सुटले. प्रकृती कायमची ढासळली होती. महिन्याभरात ते आपल्या खानदेशातील फैजपूरला आले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिले अधिवेशन. मार्च १९३७ मध्ये एलन मुंबईच्या बंदरावर उतरल्या आणि दोघांचे लग्न झाले. सहा वर्षांहून अधिक काळ केवळ पत्रांवर टिकलेले ते नाते होते. एप्रिलमध्ये मुंबईहून साप्ताहिक सुरू झाले आणि रॉय यांचा गट उघडपणे काम करू लागला.

याच सुमारास महाराष्ट्रातील एक आगळा माणूस या गटात आला. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत न्याय, वेदान्त, धर्मशास्त्र शिकलेले लक्ष्मणशास्त्री जोशी अस्पृश्यतेविरुद्धच्या लढ्यात गांधीजींना शास्त्राधार पुरवीत होते. गांधीजींचे चिरंजीव देवदास यांच्या आंतरजातीय विवाहाचे पौरोहित्य १९३३ मध्ये त्यांनीच केले होते. असा शास्त्री एका निरीश्वरवाद्याकडे ओढला गेला, कारण वादाला पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष दोन्ही लागतात हे न्यायशास्त्राचे वळण त्यांना रॉय यांच्या बैठकीत भेटले, असे आम्हाला वाटते. सासवडचे तारकुंडे विलायतेतून बॅरिस्टर होऊन आले होते आणि पुण्याजवळच्या खेड्यांत काम करीत होते. तेही आले. सातारा जिल्ह्यातील यशवंतराव चव्हाण हा तरुण कार्यकर्ताही काही काळ या विचाराने भारला गेला.

मग दुसरे महायुद्ध आले. रॉय यांनी निःसंदिग्ध भूमिका घेतली : हे युद्ध फॅसिझमविरुद्ध आहे आणि हिटलर जिंकला तर कोणाच्याच स्वातंत्र्याला अर्थ राहणार नाही. इंग्रज या युद्धात जिंकले तरी साम्राज्य राखण्याचे बळ त्यांच्यात उरणार नाही. या भूमिकेमागे त्यांची बर्लिनची वर्षे होती. हिटलरच्या छावण्यांत त्यांचे स्वतःचे सोबती गेले होते. आपल्याकडे बहुतेकांना फॅसिझम हा वर्तमानपत्रातला शब्द होता, रॉय आणि एलन यांना तो ओळखीच्या माणसांच्या नावांनी ठाऊक होता.

देशाला हे पटले नाही. १९४० च्या काँग्रेस अध्यक्षपदाच्या निवडणुकीत मौलाना आझाद यांच्याविरुद्ध रॉय प्रचंड फरकाने हरले. त्याच वर्षी त्यांना काँग्रेसबाहेर पडावे लागले आणि डिसेंबरमध्ये त्यांचा स्वतंत्र पक्ष निघाला, जो पुढे रॅडिकल डेमोक्रॅटिक पक्ष म्हणून ओळखला गेला. यशवंतराव चव्हाण युद्धाच्या प्रश्नावर वेगळे झाले आणि बेचाळीसच्या लढ्यात भूमिगत झाले. त्याच १९४२ मध्ये तारकुंड्यांनी चालती वकिली सोडून पूर्ण वेळ रॉय यांच्या पक्षाला दिला. देशभर अटकसत्र चालू असताना युद्धाला पाठिंबा देणे म्हणजे काय, हे आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांना सांगावे लागणार नाही. रॉयवाद्यांना इंग्रजांचे हस्तक म्हटले गेले. त्यांच्या कामगार संघटनेला युद्धप्रचारासाठी सरकारकडून दरमहा १३,००० रुपये मिळत होते, ही गोष्ट खरी आहे आणि तिने त्यांची फार बदनामी केली. पैसे घेण्यात चूक झाली असे आमचेही मत आहे. पण त्या पैशाने कोणाचे घर बांधले गेले नाही. पुढे १९४१ मध्ये हिटलरने रशियावर हल्ला केल्यानंतर अधिकृत कम्युनिस्टांनीही हेच लोकयुद्ध असल्याचे जाहीर केले. रॉय यांना द्रोही ठरवणारे त्यांच्याच शेजारी येऊन उभे राहिले, तरी दोघांत बोलणे झाले नाही.

पक्ष विसर्जित, सोबत कायम

१९४६ च्या निवडणुकांत रॉय यांच्या पक्षाचा एकही उमेदवार निवडून आला नाही. असा पराभव झाला की पक्ष सहसा दोन गोष्टी करतात : एकमेकांना दोष देऊन फुटतात किंवा विजेत्याच्या दारात जाऊन उभे राहतात. रॉय यांनी डेहराडूनला अभ्यासवर्ग बोलावला. पक्ष या यंत्रालाच काही दोष आहे का, हा प्रश्न त्यांनी सहकाऱ्यांपुढे ठेवला. सत्तेसाठी बांधलेली संघटना माणसाकडून निष्ठा मागते आणि मग त्या निष्ठेपायी त्याची बुद्धी गहाण पडते, हे त्यांनी मॉस्कोत पाहिले होते. वर्ष-दीड वर्ष चर्चा चालली. लक्ष्मणशास्त्री, तारकुंडे, कर्णिक यांच्यासारख्यांनी तीत भाग घेतला. रॉय यांच्या बावीस सूत्रांवर शब्दाशब्दाचा खल झाला. डिसेंबर १९४८ मध्ये कलकत्त्याच्या अधिवेशनात पक्षाने स्वतःला विसर्जित केले. उरले ते एक साप्ताहिक, डेहराडूनच्या मोहिनी रोडवरचे घर आणि नव-मानवतावाद नावाचा विचार.

पद नाही, तिकीट नाही, वर्गणीची पावतीसुद्धा नाही, तरी माणसे येत राहिली. तारकुंडे पुन्हा वकिलीकडे वळले, १९५७ ते १९६९ मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते आणि निवृत्तीनंतर नागरी हक्कांच्या कामात उतरले. महाजनी आणि द्वा. भ. कर्णिक यांनी मराठी वृत्तपत्रांत वाचकाला शहाणे मानून लिहिण्याचा पायंडा पाडला. व्ही. बी. कर्णिकांनी कामगार संघटनेचे काम सोडले नाही आणि १९७८ मध्ये रॉय यांचे विस्तृत राजकीय चरित्र प्रसिद्ध केले. लक्ष्मणशास्त्री वाईला ग्रंथांत गुंतले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये साहित्य संस्कृती मंडळाच्या अध्यक्षपदासाठी मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाणांनी त्यांचीच निवड केली. युद्धाच्या प्रश्नावर वीस वर्षांपूर्वी ज्यांच्या वाटा फुटल्या होत्या त्यांनी एकमेकांची किंमत विसरलेली नव्हती. विश्वकोशाचे जे खंड आज आपल्या कपाटांत आहेत, त्यांच्या मुळाशी हाही एक धागा आहे.

हे सारे लिहिताना रॉय यांचे एक अपुरेपण झाकून ठेवणे बरे नव्हे. आयुष्याच्या अखेरीस त्यांनी आठवणी लिहिल्या. त्यांत मेक्सिको आहे, मॉस्को आहे, ताश्कंद आहे. या सर्व ठिकाणी जिने त्यांच्याबरोबर उन्हातान्हात काम केले त्या एव्हलिनचे नाव मात्र कोठेच नाही. वाळीत टाकण्याचे दुःख ज्याने भोगले त्यानेही एका सोबतिणीला आपल्या कथेतून वगळले. त्यामागचे कारण त्यांनी कोठे लिहिले नाही. रॉय यांना मोठे मानणाऱ्यांनी ही रिकामी जागाही पाहावी, असे आम्हाला वाटते.

जून १९५२ मध्ये मसुरीजवळ फिरायला गेले असता रॉय उतारावरून खाली कोसळले. त्या आजारातून ते कधी पुरते उठले नाहीत. त्याच वर्षी ॲमस्टरडॅम येथे मानवतावाद्यांची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि गैरहजर रॉय यांना उपाध्यक्ष निवडण्यात आले. २५ जानेवारी १९५४ च्या रात्री, प्रजासत्ताक दिनाच्या उंबरठ्यावर, डेहराडूनच्या घरी त्यांचे निधन झाले. एलन यांनी साप्ताहिकाचे काम पुढे चालवले. डिसेंबर १९६० मध्ये त्याच घरात त्यांचा खून झाला. थालहाइमर १९४८ मध्येच दूर हवानाला निर्वासित म्हणून वारले होते. ब्रांडलर तेवढे मायदेशी परतले आणि १९६७ मध्ये हॅम्बुर्गला वारले. बर्लिनच्या त्या छोट्या वर्तुळातले बहुतेक जण असे जन्मगावापासून दूर संपले.

आपल्या मंडळांतही फाटाफूट होते. वर्गणीवरून, पदावरून, कधी एखाद्या नाटकाच्या निवडीवरून दोन गट पडतात आणि मग एका गावात दोन गणपती बसतात. दोन गणपती बसले म्हणून काही बिघडत नाही. पलीकडच्या मांडवातला माणूस आजारी पडला तर आपण भेटायला जातो का, त्याच्या मुलीच्या लग्नाला उभे राहतो का, एवढेच पाहायचे. रॉय यांना तुरुंगात पुस्तके पाठवणाऱ्यांनी हाच प्रश्न आपापल्या परीने सोडवला होता, आणि तेही अशा दिवसांत, की जेव्हा त्यांच्या स्वतःच्या दाराशी पोलीस उभे होते.